माजी सैनिक आणि युनियनवाला विधानसभेला अपक्ष उभा राहतोय: मराठवाड्यापुरतं कामाचं टिपण

गेट मीटिंगला दीड हजार माणूस जमला की दीड हजार घरं आपली झाली असं वाटायला लागतं. मतदार यादी उघडली की हवा निघते. वाळूजच्या शेडमध्ये उभा राहणारा पोरगा यादीत आहे गेवराईला नाहीतर परतूरला. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या कामगाराचं नाव कधी बिहारच्या यादीत निघतं. माजी सैनिकांच्या मेळाव्याला आलेले निम्मे लोक शेजारच्या मतदारसंघातले असतात. युनियनचं सभासद रजिस्टर आणि मतदार यादी हे दोन वेगळे कागद आहेत, आणि निवडणूक दुसऱ्या कागदावर होते. म्हणून हे टिपण भाषणाबद्दल नाही, कागदाबद्दल आहे.

राज्यातल्या २८८ जागांपैकी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ४६ येतात. २०२४ मध्ये राज्यात एक लाखाहून थोडी जास्त मतदान केंद्रं होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे. ‘साडेतीनशे’ हा आकडा लक्षात ठेवा, पुढे माणसं आणि पैसा मोजताना तोच लागतो.

आधी यादी, मग इच्छा

सभासदांच्या रजिस्टरमधून प्रत्येकाचा मतदार ओळखपत्राचा नंबर गोळा करा आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर एकेक नाव शोधा. कंटाळवाणं काम आहे. तीन-चार पोरं बसवली तर हजार नावं आठवड्याभरात होतात. प्रत्येक नावापुढे मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहा. मान्यताप्राप्त पक्षांना यादी फुकट मिळते, अपक्षाला विकत घ्यावी लागते. पीडीएफ संकेतस्थळावरून उतरवता येते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही, डोळ्यांनीच वाचावी लागते.

जे खरोखर इथे राहतात पण नाव गावाकडे आहे, त्यांनी स्थलांतरासाठी नमुना ८ भरायचा. नवीन नावाला नमुना ६. अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेले अर्जच त्या निवडणुकीसाठी निकाली निघतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांची नावं म्हणूनच राहून जातात. इथे राहत नसलेल्याचं नाव ओढून आणू नका. खोटी माहिती देणं गुन्हा आहे, आणि मतदानाच्या दिवशी तो माणूस येतही नाही.

स्वतःचंही नाव तपासा. फौजेत असताना तुमची नोंद सेवा मतदार म्हणून यादीच्या शेवटच्या भागात होती. निवृत्तीनंतर नमुना ६ भरून साधारण यादीत आलात का? बायकोचं नावही तुमच्याबरोबर सेवा यादीत गेलेलं असू शकतं. उमेदवार राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार चालतो, पण दुसरीकडचा असाल तर त्या यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीला द्यावी लागते. साधी झेरॉक्स चालत नाही.

उभं राहता येतं का

वय २५ पूर्ण हवं, आणि ते छाननीच्या दिवशी हवं. राखीव जागेवर त्या प्रवर्गाचा जातीचा दाखला लागतो. मराठवाड्यात औरंगाबाद पश्चिम, बदनापूर, केज, उदगीर, उमरगा आणि देगलूर या सहा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. दोन अपत्यांची आणि शौचालयाची अट ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेची, विधानसभेला ती नाही. हा प्रश्न पारावर हमखास निघतो म्हणून लिहिलं.

लष्करी पेन्शन आड येत नाही. आड येते ती निवृत्तीनंतरची नोकरी. डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (लष्करी ठिकाणांची राखण करणारं दल) पुन्हा भरती झालेला माणूस सेवेतच आहे, तो उभा राहू शकत नाही. सरकारी कार्यालय, महावितरण, एसटी, सरकारी बँक, यात माजी सैनिकांच्या कोट्यातून लागलेल्यांनी राजीनामा द्यायचाच, आणि नुसता द्यायचा नाही, मंजूर झाल्याचा आदेश हातात घ्यायचा. राजीनामा टपालात आणि साहेब रजेवर, एवढ्यावर छाननीत हरकत उभी राहते. अंगणवाडी, आशा अशा मानधनाच्या कामावर असणाऱ्या युनियनच्या बायकांनीही हेच धोरण ठेवावं. मानधन म्हणजे पगार नव्हे, हा मुद्दा कोर्टात रंगवायला छान आहे, छाननीच्या टेबलावर वेळ नसतो. सरकारी नोकरीतून गेल्या पाच वर्षांत बडतर्फ झाला असाल, तर भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानीसाठी बडतर्फी नव्हती, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबतच लागतं. संपात बडतर्फ झालेल्यांनी हे आधी मागवून ठेवावं, ते दिल्लीहून येतं. खासगी कंपनीतल्या कामगाराला कायद्याची आडकाठी नाही, बिनपगारी रजा मात्र लेखी घ्या.

केसेस: इथेच बरेच अर्ज अडकतात

रास्ता रोको, तहसीलवर मोर्चा, गेटवर ठिय्या. चार-पाच वर्षं युनियन चालवली आणि एकही गुन्हा नाही, असा माणूस विरळा. गुन्हा असण्याने अर्ज बाद होत नाही. लपवण्याने अडचण होते.

नमुना २६ च्या शपथपत्रात प्रत्येक प्रलंबित गुन्ह्याचा एफआयआर नंबर, पोलीस ठाणं, कलमं, कोर्टाचं नाव, केस नंबर, दोषारोप निश्चित झाले का आणि कधी, हे सगळं लागतं. अडचण अशी की आंदोलनाच्या एफआयआरमध्ये पाच नावं असतात आणि पुढे ‘व इतर ५० ते ६०’. त्या ‘इतर’मध्ये तुम्ही नंतर दोषारोपपत्रात आलेले असता आणि समन्स कधी जुन्या पत्त्यावर जातं. म्हणून चार ठिकाणी शोध घ्या: ई-कोर्टच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने, नाव उलटसुलट लिहूनही, ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीत आंदोलन केलं तिथे लेखी अर्ज देऊन, जुन्या आंदोलनातल्या सोबत्यांच्या वकिलाकडे, आणि औद्योगिक किंवा कामगार न्यायालयात कंपनीने टाकलेल्या दाव्यांत. शेवटचे दावे गुन्हे नसतात, पण मनाई हुकूम मोडल्याचा फौजदारी अर्ज त्यातूनच निघालेला असू शकतो. कुठे वॉरंट निघालेलं असेल तर ते आधी रद्द करून घ्या. अर्ज भरायला गेलेल्या माणसाला दारातच ताब्यात घेतल्याची बातमी दर निवडणुकीला येते.

‘सरकारने राजकीय-सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घेतले’ हे ऐकून निर्धास्त राहू नका. शासन निर्णय निघतो, समिती शिफारस करते, पण सरकारी वकिलाने अर्ज करून कोर्टाने परवानगी दिल्याशिवाय खटला संपत नाही. कोर्टाचा आदेश हातात नसेल तर शपथपत्रात तो प्रलंबितच लिहायचा.

जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड संहितेची कलमं, नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची. सरकारी कामात अडथळा म्हणजे पूर्वीचं ३५३, आताचं १३२. जमावबंदी मोडल्याचं १८८ होतं ते २२३ झालं. एफआयआरवर जे छापलंय तेच उतरवा, स्वतः रूपांतर करत बसू नका.

दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर त्या दिवसापासून अपात्रता, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं. काही गुन्ह्यांत शिक्षा किती हे न पाहता दोषी ठरणंच पुरे होतं. कोर्ट मार्शलची शिक्षा असेल तर अर्जाच्या आधी वकिलाला कागद दाखवा.

प्रलंबित गुन्हे असलेल्या उमेदवाराने ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करायचे असतात: अर्ज माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत एकदा, पाचव्या ते आठव्या दिवसांत दुसऱ्यांदा आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत तिसऱ्यांदा. या जाहिरातीचा मसुदा म्हणजे नमुना सी-१. खर्च तुमच्याच खात्यात धरला जातो, तो अंदाजपत्रकात आधी घाला. दहा गुन्हे असतील तर जाहिरात लांबते आणि बिलही.

शपथपत्र आणि उमेदवारी अर्ज

शपथपत्रात एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’. रेघ मारून चालत नाही. रिकाम्या रकान्याबद्दल निवडणूक निर्णय अधिकारी नोटीस देतात, तरी भरला नाही तर अर्ज बाद. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल यावर आहे.

फौजी माणसाला चुकवणारे रकाने वेगळेच असतात. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल, तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. फॅमिली क्वार्टर हेही सरकारी निवासस्थानच. शेवटची पोस्टिंग पठाणकोटला असेल तर तिथल्या एमईएसच्या (लष्कराचं बांधकाम खातं) बॅरक स्टोअर्स ऑफिसरकडून दाखला मागवायला महिना जातो. डिस्चार्जच्या वेळचं क्लिअरन्स ट्रंकेत पडलेलं असतं, ते आधी काढा. आयकर विवरणपत्रं पाच वर्षांची, स्वतःची, पत्नीची आणि अवलंबितांची. विकलांगता पेन्शन करमुक्त धरून अनेकांनी विवरणपत्र भरलेलंच नसतं. तसं असेल तर ‘दाखल केलेले नाही’ असं लिहा. शेतीला ताजा सातबारा आणि ८अ, सोन्याला ग्रॅम आणि आजची किंमत, सोसायटीचं पीककर्ज देण्याच्या रकान्यात. बायकोच्या नावावरचा बचत गटाचा हप्ताही देणंच. खोट्या शपथपत्राला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे.

उमेदवारी अर्ज म्हणजे नमुना २ब. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला दहा, आणि दहाही त्याच मतदारसंघातले. चार अर्ज भरता येतात. चारही भरा, आणि प्रत्येकावर वेगळे दहा सूचक घ्या. एका अर्जावरचा एक सूचक बाद निघाला की तो अर्ज गेला, बाकीचे तीन उभे राहतात. सूचकाच्या नावापुढचा भाग आणि अनुक्रमांक नव्या पुरवणी यादीशी जुळवा, गेल्या निवडणुकीची पावती पाहून लिहू नका. शहरात औरंगाबाद पूर्व, मध्य आणि पश्चिमच्या सीमा गल्लीगल्लीतून जातात, रस्त्याच्या पलीकडचा सूचक दुसऱ्याच मतदारसंघाचा निघतो. अंगठा लावणारा सूचक असेल तर अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच लावायचा. घरून अंगठा लावून आणलेला कागद चालत नाही. म्हाताऱ्या हमाल मंडळींना मानाने सूचक करायचं असेल तर त्या दिवशी त्यांना सोबत न्या.

मतदारसंघाचं नाव अधिसूचनेत आहे तसंच लिहायचं. जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं तरी २०२४ मध्ये मतदारसंघ ‘१०८-औरंगाबाद पश्चिम’च होता. भावना भाषणात ठेवा, अर्जात नको.

अर्ज घेण्याची वेळ सकाळी ११ ते दुपारी ३. कार्यालयापासून १०० मीटरच्या आत तीनच गाड्या, आणि आत उमेदवार धरून पाच माणसं. अनामत रक्कम १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० (सर्वसाधारण जागेवरही, दाखला जोडायचा). रोख किंवा कोषागारातलं चलन, चेक नाही. लोकवर्गणीची चिल्लर पोत्यात भरून नेली की फोटो चांगला येतो, पण ती मोजायला बसलेला कारकून तुमच्याच अर्जाचा वेळ खातो. शेवटच्या दिवशी तर अजिबात नको. शेवटची तारीख २०२४ मध्ये २९ ऑक्टोबर होती, छाननी ३० ला, माघार ४ नोव्हेंबरला. तुम्ही पहिल्या दोन दिवसांतच एक अर्ज टाका, त्यातल्या चुका पाहून बाकीचे तीन.

अर्ज दिला की लगेच तिथेच शपथ घ्या आणि तिचं प्रमाणपत्र मागून घ्या. ही शपथ फौजेत घेतलेल्या शपथेहून वेगळी आहे, अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आत व्हावी लागते. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली शपथ उशिराची धरली जाते. एवढ्या साध्या गोष्टीवर अर्ज गेलेले आहेत.

छाननीला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक माणूस आत जाऊ शकतो. तो आणखी एक माणूस वकील असू द्या. हरकत आली तर उत्तरासाठी छाननीच्या तारखेनंतर जास्तीत जास्त दोन दिवसांचा वेळ मागता येतो, पण मागावा लागतो, आपणहून कुणी देत नाही.

नाव, फोटो, चिन्ह आणि वर्दी

मतपत्रिकेवरच्या फोटोला २ बाय २.५ सेंटिमीटरचं माप, तीन महिन्यांच्या आतला, पांढरी पार्श्वभूमी, साधे कपडे. वर्दीतला फोटो चालत नाही. टोपी आणि काळा चष्माही टाळा. बॅनरवरही वर्दी, मेडल, रणगाडा, शहिदांचे फोटो वापरू नका. सैन्यदलांचे आणि जवानांचे फोटो प्रचारात वापरायला निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये मनाई केली आणि २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. स्वतःचाच जुना वर्दीतला फोटो असला तरी तक्रार होते, फ्लेक्स उतरतो आणि खर्च तुमच्या खात्यात राहतो. ‘माजी सैनिक’ हे दोन शब्द छापा. तेवढे पुरतात. गावात कोण कुठल्या पलटणीत होता, हे लोकांना माहीत असतं.

लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव मतपत्रिकेवर हवं असेल, तर उमेदवारांची अंतिम यादी तयार होण्याआधी लेखी कळवा. यादीत आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत छोटे पक्ष, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रम. सारख्या नावाचे दुसरे उमेदवार उभे करण्याची रीत इकडे जुनी आहे. तसं झालं तर प्रचारात नावापेक्षा चिन्ह आणि क्रमांक घोळवा.

कुठल्याही पक्षासाठी राखून न ठेवलेल्या चिन्हांच्या मुक्त यादीतून तीन पसंत्या क्रमाने द्यायच्या असतात. शेतात, चुलीपाशी किंवा गिरणीत रोज दिसणारी वस्तू निवडा, जी काळ्या-पांढऱ्या छोट्या चित्रातही ओळखू येते. मोठ्या पक्षाच्या चिन्हाशी मिळतंजुळतं घेऊ नका. २०२४ मध्ये ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि ‘ट्रम्पेट’ यांच्या सारखेपणावरून केवढा वाद झाला, ते ताजं आहे. एका मतदान यंत्रावर ‘नोटा’ धरून १६ बटणं असतात. उमेदवार १५ पेक्षा जास्त झाले की दुसरं यंत्र लागतं, आणि अपक्ष बहुतेक वेळा त्या दुसऱ्या यंत्रावर जातो. मग ‘दुसऱ्या मशीनवर वरून चौथं बटण’ असंच सांगावं लागतं, नुसत्या क्रमांकाने लोक पहिल्याच मशीनवर शोधत बसतात.

पैसा

खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च त्यात धरतात. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडायचं, स्वतःच्या एकट्याच्या किंवा निवडणूक प्रतिनिधीबरोबर संयुक्त नावाने. पेन्शनचं खातं पत्नीबरोबर संयुक्त असतं, ते इथे चालत नाही. ही चूक माजी सैनिक हटकून करतात.

एका माणसाकडून किंवा एका माणसाला १०,००० पेक्षा जास्त रोख नाही. प्रत्येक देणगीला नाव-पत्त्यासह पावती. गाडीत ५०,००० च्या वर रोकड सापडली तर नाक्यावरचं पथक जप्त करू शकतं. मोंढ्यातून हमालांनी जमवलेली वर्गणी रोजच्या रोज खात्यात भरा.

युनियनचा पैसा वापरायचा का? युनियनच्या साधारण निधीतून निवडणुकीला एक रुपयाही देता येत नाही. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात त्यासाठी कलम १६ चा वेगळा राजकीय निधी होता, औद्योगिक संबंध संहितेतही वेगळ्या निधीची सोय आहे. त्या निधीत वर्गणी ऐच्छिक हवी, न देणाऱ्याला सभासदत्वात किंवा लाभात कसलाही भेद करता येत नाही. पगारातून कापून घेतलेल्या महिन्याच्या वर्गणीला हात लावलात, तर दुसऱ्या युनियनने केलेली एक तक्रार तुमची उमेदवारी आणि युनियन दोन्ही अडचणीत आणते. ठराव, वेगळं पुस्तक आणि वेगळं खातं निवडणुकीच्या सहा महिने आधी करून ठेवा.

खर्चाची वही तीन रंगांची: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख, पिवळ्यावर बँक. प्रचारकाळात किमान तीनदा ती तपासणीला न्यायची. दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवतं. सभेला शंभर कप चहा ओळखीच्या टपरीवाल्याने ७ रुपयांनी दिला आणि दरपत्रकात १० असले, तर त्यांच्या वहीत १,००० लिहिले जातात आणि तुमच्या वहीत ७००. तफावतीची नोटीस येते. फुकट आलेली गाडी, कार्यकर्त्याने घरून आणलेल्या भाकरी, मित्राने छापून दिलेले पत्रक, सगळं किंमत लावून लिहा. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, नाहीतर छापणारा आणि छापून घेणारा दोघंही सापडतात. मोबाइलवर पैसे देऊन फिरवायच्या व्हिडिओला आधी प्रमाणन समितीची (प्रचाराच्या जाहिराती तपासणारी समिती) मंजुरी.

ऊसतोडीचा हंगाम

२०१४ चं मतदान १५ ऑक्टोबरला, २०१९ चं २१ ऑक्टोबरला झालं. तेव्हा बऱ्याच टोळ्या गावातच होत्या. २०२४ ला ते २० नोव्हेंबरला गेलं आणि गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कुठल्याही मतदारसंघात या महिनाभराने गणित बदलतं. दूरस्थ मतदान यंत्राचा, म्हणजे दुसऱ्या गावातून आपल्या मतदारसंघात मत देण्याच्या यंत्राचा, नमुना पाहायला जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं होतं, ते वापरात आलेलं नाही. म्हणजे कोयता कर्नाटकात आणि मत आष्टीत, अशी स्थिती कायम आहे.

मुकादमांकडून टोळीवार वही करा: नाव, यादी भाग, अनुक्रमांक, कुठला कारखाना, गाडीसेंटर (बैलगाडीने ऊस वाहणारी टोळी) की डोकीसेंटर (डोक्यावरून मोळ्या वाहून गाडीत भरणारी टोळी), घरी म्हातारी माणसं कोण राहिली. ८५ वर्षांवरच्या आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२ड भरून घरून मत देता येतं, पण तो अर्ज अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. युद्धात जखमी झालेल्या जुन्या जवानांसाठीही हीच वाट.

आता सगळ्यात मोहाची गोष्ट. टेम्पो ठरवून टोळी मतदानाला आणायची. करू नका. मतदाराला केंद्रावर ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरवणं हे भ्रष्ट आचरण आहे, जिंकूनही निवड रद्द होऊ शकते. मतदारांनी स्वतःच्या खर्चाने एसटीने किंवा रेल्वेने यावं, त्याला हरकत नाही. मतदारांनी वर्गणी काढून भाड्याने वाहन करायचं तर कायद्यात सूट आहे ती इंजिन नसलेल्या वाहनाला. म्हणजे बैलगाडी. गाडीसेंटरवाल्यांना हे सांगितलं की ते खळखळून हसतात, पण कलम तसंच आहे. तुमचं काम एवढंच: कारखान्याला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टीबद्दल लेखी पत्र द्यायचं. कायद्याने ती द्यावीच लागते. एमआयडीसीतल्या ठेकेदारांनाही तेच पत्र, पोच घेऊन.

सेवेतल्या जवानांची मतं

गावागावांत नोकरीवर असलेली पोरं आहेत. त्यांची मतपत्रिका ऑनलाइन जाते, ते ती छापून घेतात, खूण करतात, नमुना १३अ वर (मतदाराचं घोषणापत्र) सही आणि साक्षांकन करून टपालाने पाठवतात. मतमोजणी सुरू व्हायच्या वेळेआधी ती पोचली तरच मोजतात. बाद होण्याची नेहमीची कारणं दोन: १३अ पाकिटात न घालणं आणि उशीर. सेवा मतदारांची यादी घ्या आणि त्यांच्या घरच्यांना फक्त एवढंच सांगा की पाकीट कसं भरायचं. युनिटमध्ये फोन करून प्रचार नको, तुमच्या जुन्या सुभेदार साहेबांना अडचणीत घालू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या आवारातही बैठक नको.

मतदानाचा दिवस

साडेतीनशे केंद्रं, प्रत्येकी एक प्रतिनिधी आणि एक बदली. सातशे माणसं. एवढी नसतील तर जिथे तुमची मतं आहेत ती दीडशे केंद्रं पक्की करा आणि बाकीची सोडून द्या, सगळीकडे अर्धवट माणूस ठेवण्यापेक्षा ते बरं. प्रतिनिधी त्याच किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असावा. तसा मिळालाच नाही तर मतदारसंघातला दुसरा मतदार चालतो. नेमणूक नमुना १० वर. माजी सैनिक इथे सोन्यासारखे, कारण ते वेळेवर येतात आणि जागा सोडत नाहीत.

मतदान ७ ला सुरू होतं, चाचणी मतदान दीड तास आधी, म्हणजे साडेपाचला. किमान ५० मतं टाकून दाखवतात. ती पुसली गेली आणि यंत्रावर शून्य आलं, हे डोळ्यांनी पाहूनच सही करा. संध्याकाळी केंद्र बंद होताना नमुना १७सी च्या पहिल्या भागाची प्रत घेतल्याशिवाय हलायचं नाही. त्यात एकूण पडलेली मतं आणि यंत्रांचे क्रमांक असतात. थकलेला प्रतिनिधी सहाला चहाला जातो आणि प्रत राहते. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्राचा एकूण आकडा पडताळायला तुमच्याकडे तोच एक कागद असतो. मोजणी प्रतिनिधींना त्या प्रती केंद्र क्रमांकाने लावून, टेबलवार गठ्ठे करून द्या.

केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नाही, आपलं टेबलही १०० मीटरच्या बाहेर (२०२४ पर्यंत ते २०० मीटरच्या बाहेर लागायचं).

निकालानंतर

अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. २,१०,००० वैध मतं झाली तर ३५,००० नव्हे, ३५,००१. नोटाची मतं यात धरत नाहीत.

जिंका, हरा, अनामत जाऊ द्या, निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा पूर्ण हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. हरल्यावर वही कोपऱ्यात टाकलेल्यांना निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि मग पुढची जिल्हा परिषदही हातची जाते. बिलं, पावत्या, बँकेचा उतारा आणि शपथपत्र लावून हिशोब द्या, पोच घ्या. निवडीला आव्हान द्यायचं असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका, आणि तिच्यासोबत २,००० रुपये अनामत. सतरा-सीच्या प्रती तोवर जपून ठेवा.